विद्यार्थ्यांच्या उपग्रहाची जुळणी आपल्याच गावात, आपल्याच हातांनी व्हावी

महोदय,

विद्यार्थ्यांनी उपग्रह बनवल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांतून वरचेवर येऊ लागल्या आहेत आणि तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या वाचून मनापासून आनंद होतो. या बातम्यांत उपग्रहाचे वजन, प्रक्षेपणाची तारीख आणि सत्काराचे छायाचित्र असते. पण त्याचा सांगाडा कोणी कापला, सर्किट बोर्ड कोणी जोडले, तारा कोणी ओवल्या, याविषयी बहुधा एक ओळही नसते. माझ्या मते उपग्रहाच्या प्रकल्पातले खरे शिक्षण या जुळणीतच असते आणि अलीकडे नेमके तेच आपल्या हातून निसटू लागले आहे. सांगाड्यापासून रेडिओपर्यंत सर्व भाग तयार मिळणारे संच बाजारात आले आहेत. संच मागवायचा, पत्रक पाहून बोर्ड एकावर एक बसवायचे आणि झाला उपग्रह, अशी समजूत रूढ होत आहे. ती बदलावी, आणि त्यासाठी राज्यात विद्यार्थ्यांना खुले असे जुळणी व चाचणी कक्ष उभे राहावेत, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून हेलियमच्या फुग्यातून विद्यार्थ्यांचे शंभर चिमुकले ‘उपग्रह’ आकाशात सोडण्यात आले, त्यात महाराष्ट्रातील मुलेही होती. शाळेतल्या मुलांसाठी तो उपक्रम फार मोलाचा होता, याबद्दल दुमत नाही. परंतु फुग्याबरोबर वर जाऊन परत येणारे उपकरण आणि पृथ्वीभोवती फिरत राहणारा उपग्रह यांच्या जुळणीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करतो आणि त्यांपैकी सुमारे ३५ मिनिटे तो पृथ्वीच्या सावलीत असू शकतो. म्हणजे दिवसातून पंधरा वेळा तो तापतो आणि पंधरा वेळा गारठतो. वर्षभरात असे साडेपाच हजारांच्या आसपास फेरे होतात. सोल्डरचा प्रत्येक टाका आणि प्रत्येक स्क्रू या फेऱ्यांत प्रसरण-आकुंचन पावत असतो. एकदा वर गेल्यावर तिथे पाना घेऊन कोणी पोहोचणार नाही. या पत्रात मी जे लिहितो आहे ते अशा उपग्रहांविषयी आहे.

महाराष्ट्राने हे काम उत्तम रीतीने करून दाखवले आहे, म्हणून तर मला हे लिहावेसे वाटते. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून वीस उपग्रह नेले, त्यांत पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ बरोबर आयआयटी मुंबईचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. ‘स्वयम्’चे काम २००८ पासून आणि ‘प्रथम’चे २००७ पासून चालले होते. एवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. आधीच्यांनी काढलेले आराखडे पुढच्यांनी तपासले, चुकलेले बोर्ड पुन्हा बनवले आणि शेवटी जुळणी केली. या आठ-नऊ वर्षांना काही जण दिरंगाई म्हणतात. मला ते मान्य नाही. त्या काळात जी मुले घडली, तीच या प्रकल्पांची पहिली कमाई होती.

छोट्या उपग्रहांचा जो घनाकृती साचा आज जगभर वापरला जातो, तो १९९९ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बॉब ट्विग्ज यांनी मांडला. विद्यार्थ्याला शिकत असतानाच एक संपूर्ण उपग्रह करून पाहता यावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याला क्यूबसॅट म्हणतात. एका घटकाच्या क्यूबसॅटची रुंदी व खोली प्रत्येकी १०० मिलिमीटर आणि उंची ११३.५ मिलिमीटर असते; वजनाची मर्यादा आधी १ किलो होती, पुढे ती १.३३ आणि नंतर २ किलो झाली. हा ठोकळा प्रक्षेपकावरील एका पेटीत बसवला जातो आणि वेळ येताच स्प्रिंगच्या जोराने बाहेर ढकलला जातो. पेटीच्या खाचांतून घसरत बाहेर पडण्यासाठी त्याच्या चार कोपऱ्यांवर चार उभ्या पट्ट्या असतात, त्यांना रेल म्हणतात. प्रत्येक रेल किमान ८.५ मिलिमीटर रुंद हवी, तिच्या कडा गोलसर हव्यात, पृष्ठभाग गुळगुळीत हवा आणि दोन रेलांमधल्या मापात एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. एवढी सूट म्हणजे माणसाच्या केसाची जाडी.

आपल्याकडच्या कारागिराला हे माप अवघड नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत, सातपूरला किंवा वाळूजला याहून बारीक मापाचे जॉब रोज होतात. रॉकेटच्या इंजिनांचे भाग विक्रोळीत आणि घन इंधनावर चालणाऱ्या रॉकेट मोटरांची कवचे वालचंदनगरात तयार होतात, हेही सर्वश्रुत आहे. अडचण वेगळीच असते. विद्यार्थी संगणकावर सांगाडा रेखाटतो, फाइल पाठवतो आणि तयार भाग हाती आल्यावर तो पेटीत बसत नाही. कारण त्याने कठीण ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेल्या ऑक्साइडचा, थर हिशेबात धरलेला नसतो. अंतराळाच्या निर्वातात धातूला धातू घासून चिकटून बसू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या रेलांवर हा थर आवश्यक असतो. थराची साधारण निम्मी जाडी धातूच्या आत जाते आणि निम्मी बाहेर वाढते; म्हणजे ४० मायक्रॉनचा थर दिला तर एका बाजूला २० आणि समोरची बाजू धरून एकूण ४० मायक्रॉन माप वाढते. भोके तेवढीच लहान होतात आणि आटे घट्ट बसतात. शिवाय हा थर वीज वाहू देत नाही. त्यामुळे सांगाड्याला अर्थिंग जोडायच्या जागा ॲनोडायझिंगच्या आधीच झाकून घ्याव्या लागतात. यांतली एकही गोष्ट संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. ॲनोडायझिंग करणाऱ्याच्या दारात उभे राहून, हातात मायक्रोमीटर घेऊन, आधीचे आणि नंतरचे माप टिपल्यावरच ती कळते आणि एकदा कळली की जन्मभर विसरत नाही.

म्हणूनच माझा आग्रह आहे की या कामात आयटीआयच्या फिटर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या ट्रेडच्या मुलांना पहिल्या दिवसापासून बरोबरीच्या नात्याने घ्यावे. आज अशा प्रकल्पांत ती कुठेच दिसत नाहीत. ॲल्युमिनियममध्ये टॅप मारताना तो कधी अडकतो, कडेला राहिलेली धारदार कोर (बर) कानशीने कशी काढायची, स्क्रू किती आवळला की आटे जातात, हे त्यांच्या हातांना माहीत असते. त्यावर उपाय म्हणून आट्यांत पोलादी वेटोळ्याचे इन्सर्ट बसवावेत आणि स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळावेत, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यांना समजावून द्यावे. दोघांनी एकाच टेबलाशी बसून केलेले काम एकट्याने केलेल्या कामापेक्षा चांगले होते, असा माझा अनुभव आहे.

आता इलेक्ट्रॉनिक्सकडे वळतो, कारण माझा विषय तो आणि विद्यार्थ्यांची खरी कसोटीही तिथेच लागते. क्यूबसॅटमध्ये साधारण ९० बाय ९६ मिलिमीटरचे बोर्ड एकावर एक रचतात: एक वीजपुरवठ्याचा, एक बॅटरीचा, एक संगणकाचा, एक रेडिओचा आणि एक प्रयोगाचा. बहुतेक ठिकाणी ते एकशे चार पिनांच्या कनेक्टरने एकमेकांत खोवलेले असतात आणि चार कोपऱ्यांतल्या सळया त्यांना धरून ठेवतात. दिसायला ही रचना सोपी आहे आणि संच विकणारे तिचीच जाहिरात करतात. परंतु मधल्या एका बोर्डावरचा एक रेझिस्टर बदलायचा झाला तर अख्खी चळत उतरवावी लागते. बोर्ड तिरका ओढला की पिना वाकतात आणि दर वेळी खोवण्या-काढण्याने कनेक्टरची पकड सैल होत जाते. त्यामुळे बोर्ड चळतीत घालण्यापूर्वी सगळे टेबलावर सुटे मांडावेत, तारांनी जोडावेत आणि कित्येक आठवडे तसेच चालवून पाहावेत, ही जुन्या जाणत्यांची रीत आहे. विकतच्या संचाच्या भरवशावर हीच पायरी सर्वांत आधी गाळली जाते.

गाळली की काय होते, ते एका महाविद्यालयात मी जवळून पाहिले. तिथल्या मुलांचे पाचही बोर्ड एकेकटे उत्तम चालत होते. चळत रचली, बॅटरी जोडली आणि रेडिओचा रिसीव्हर बहिरा झाला. वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचा स्विचिंग रेग्युलेटर जो खरखराट सोडत होता, तो शेजारच्या रेडिओला ऐकू येत होता आणि जमिनीवरून पाठवलेला क्षीण संदेश त्यात बुडून जात होता. संच पुरवणाऱ्याच्या पत्रकात याचा उल्लेख नव्हता, कारण त्यांचा रेडिओ आणि दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेला वीजपुरवठा एकत्र येतील हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुलांनी बोर्डांचा क्रम बदलला, मध्ये धातूचा पातळ पडदा घातला, पुरवठ्याच्या वाटेवर फिल्टर बसवले आणि रिसीव्हर पुन्हा ऐकू लागला. माझ्या दृष्टीने त्या मुलांचे अभियांत्रिकीचे शिक्षण त्या आठवड्यात झाले. हाच दोष कक्षेत गेल्यावर उघड झाला असता तर उपग्रह शेवटपर्यंत हाक देत राहिला असता आणि त्याला कोणाचीही हाक ऐकू आली नसती.

सोल्डरिंगविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. घरगुती उपकरणांत आता शिसेविरहित सोल्डर आणि शुद्ध कथिलाचा मुलामा वापरतात. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु शुद्ध कथिलाच्या पृष्ठभागातून कालांतराने केसासारखे सूक्ष्म धातूचे तंतू वाढतात आणि शेजारच्या दोन पायांत शॉर्ट सर्किट घडवू शकतात. म्हणून अंतराळाच्या कामात अजूनही ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसे असलेले, १८३ अंश सेल्सिअसला वितळणारे सोल्डर वापरण्याची पद्धत आहे. टाका घातल्यावर फ्लक्सचा चिकट अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो. तारांचे वेष्टन पीव्हीसीचे चालत नाही, टेफ्लॉनचे लागते, कारण निर्वातात पीव्हीसीतून वायू सुटतो आणि तो सौर पट्टीवर किंवा कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतो. यासाठी ठरलेली जागतिक कसोटी अशी की पदार्थाचे वजन निर्वातात तापवल्यावर १ टक्क्याहून जास्त घटू नये आणि त्यातून बाहेर पडून थंड पृष्ठभागावर साचणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत असावा. बाजारातला साधा डिंक, साधी चिकटपट्टी आणि केबल बांधायच्या स्वस्त पट्ट्या या कसोटीवर टिकतील असे गृहीत धरता येत नाही. तारा बांधायला मेणाचा दोरा, झाकायला कॅप्टॉन टेप आणि जड घटक बोर्डाला धरून ठेवायला कमी वायू सोडणारे एपॉक्सी लागते.

बॅटरी हा स्वतंत्र काळजीचा विषय आहे. लॅपटॉपमध्ये असतात तशाच १८ मिलिमीटर व्यासाच्या लिथियम-आयन नळ्या अनेक क्यूबसॅटमध्ये असतात. शून्य अंशाखाली त्या चार्ज केल्या तर आतून कायमच्या खराब होतात. म्हणून त्यांना चळतीच्या मध्यभागी, इतर बोर्डांच्या उबेत बसवतात आणि सोबत छोटा हीटर देतात. हवा नसल्यामुळे उष्णता वाहून नेण्याचे काम सांगाडा, स्पेसर आणि स्क्रू यांनाच करावे लागते. स्क्रू सैल राहिला तर उष्णतेची वाटही तुटते. एका बाजूवर साधारण ३० चौरस सेंटिमीटरच्या दोन सौर पट्ट्या मावतात आणि भर उन्हात त्यांतली प्रत्येक एका वॅटहून थोडी अधिक वीज देते. संपूर्ण उपग्रहाचा संसार एवढ्यावर चालवायचा असतो. एका सैल कनेक्टरमुळे त्यातला एक दशांश जरी वाया गेला तरी ती मोठी गळती आहे.

मग येतात स्विच. पेटीत बसलेला उपग्रह पूर्णपणे बंद असावा, अशी सक्त अट असते. मुख्य उपग्रहाच्या शेजारी बसलेल्या एखाद्या पाहुण्याने रेडिओ चालू करणे कोणालाही परवडणारे नाही. रेलच्या टोकाशी असलेला छोटा स्विच पेटीत दाबलेला राहतो आणि बाहेर पडताच सुटतो. त्यानंतरही अँटेना उघडण्यापूर्वी ३० मिनिटे आणि रेडिओ बोलू लागण्यापूर्वी ४५ मिनिटे थांबावे लागते, असे प्रमाण नियमावली सांगते. हौशी रेडिओच्या ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यासाठी अँटेनाची पाव तरंगलांबी १७ सेंटिमीटर भरते. दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यात ती मावावी म्हणून अनेक संघ चक्क सुताराच्या पोलादी टेपचा तुकडा वापरतात, तो गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात आणि वेळ आली की तापलेल्या तारेने दोरा वितळवतात. टेप उसळून सरळ होतो. या एका दोऱ्याची गाठ कशी मारायची, तापणारी तार त्याला किती ताणून टेकवायची, थंडीत आणि निर्वातात दोरा वितळायला किती सेकंद लागतात, हे पुन्हा पुन्हा करून पाहण्याला पर्याय नाही. अँटेना उघडली नाही तर बाकीचे सगळे काम निष्फळ ठरते.

‘स्वयम्’ने आपली दिशा धरण्यासाठी मोटार किंवा थ्रस्टर वापरले नव्हते, त्यात कायम चुंबक आणि त्याचे झोके शमवणाऱ्या विशिष्ट मिश्रधातूच्या बारीक कांड्या होत्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेत तो स्थिर होत असे आणि त्यासाठी त्याला विजेचा कणही लागत नसे. विद्यार्थ्यांच्या उपग्रहासाठी इतकी साधी आणि इतकी हुशार योजना क्वचितच सापडेल. पण अशा उपग्रहात एक जरी साधा लोखंडी स्क्रू चुकून लागला तर हिशेब बिघडतो. म्हणून जुळणीच्या टेबलावर येणारा प्रत्येक स्क्रू, वॉशर आणि स्पेसर आधी चुंबकाने तपासून डबीत ठेवायला हवा आणि कोणत्या डबीतला कोणता स्क्रू कुठे गेला याची नोंद वहीत व्हायला हवी.

घरी किंवा छोट्या कार्यशाळेत केलेला उपग्रह म्हणजे पोरखेळ, असे मानणारेही पुष्कळ आहेत. त्यांना १२ डिसेंबर १९६१ ची आठवण करून द्यावीशी वाटते. कॅलिफोर्नियातल्या हौशी रेडिओवाल्यांनी आपापल्या घरांत आणि गॅरेजांत बसून बनवलेला ‘ऑस्कर-१’ हा साडेचार किलोचा उपग्रह त्या दिवशी एका लष्करी उपग्रहाचा सोबती म्हणून कक्षेत गेला. पहिला स्पुतनिक उडून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. प्रक्षेपकापासून त्याला अलग करायला दुकानातून आणलेली साधी स्प्रिंग वापरली होती. एक वॅटच्या सातव्या हिश्श्याएवढ्या शक्तीने तो मोर्सच्या भाषेत ‘हाय’ एवढेच म्हणत असे आणि म्हणण्याची गती आतल्या तापमानाप्रमाणे बदलत असे. म्हणजे कानाने ऐकून तापमान सांगता येई. तीन आठवडे तो बोलला आणि अनेक देशांतल्या हौशी मंडळींनी त्याचे बोलणे टिपून पाठवले. तसेच उदाहरण तोक्यो विद्यापीठाचे. ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्कहून जे पहिले क्यूबसॅट सुटले, त्यांत या विद्यापीठाच्या मुलांचा एक किलोचा ‘एक्सआय-४’ होता आणि तो पंधरा वर्षांहून अधिक काळ संदेश पाठवत राहिला. जुळणी नेटकी असली की साधी वस्तूही किती टिकते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

सगळेच भाग घरी करावेत, असा माझा हट्ट नाही. सौर पट्ट्या, बॅटरीच्या नळ्या आणि सूक्ष्म नियंत्रक विकतच घ्यावे लागतात. पहिल्याच प्रयत्नात रेडिओ विकत घेतला तरी मी त्याला दोष देणार नाही. परंतु सांगाडा, तारांची जुडी, अँटेनाची यंत्रणा आणि सर्व भागांची जुळणी ही विद्यार्थ्यांनीच करावी. पहिल्यांदाच उपग्रह करणाऱ्या जगभरातल्या विद्यापीठांचे कितीतरी उपग्रह कक्षेत गेल्यावर एक शब्दही बोलले नाहीत. या अपयशांचा अभ्यास करणाऱ्यांनी वारंवार एकच कारण सांगितले आहे: सुटे भाग तपासले गेले, मात्र जुळलेला संपूर्ण उपग्रह पुरेसा काळ चालवून पाहिला गेला नाही. प्रक्षेपणाची तारीख डोक्यावर आल्यावर जुळणी उरकली जाते आणि चाचणीचे दिवस खाल्ले जातात.

इथे जागेचा आणि यंत्रांचा प्रश्न येतो. जुळलेल्या उपग्रहाला कंपनाच्या टेबलावर हलवून पाहावे लागते आणि निर्वात पेटीत घालून तापवावे व गारठवावे लागते. सांगली, जळगाव, लातूर किंवा चंद्रपूरच्या महाविद्यालयाने ही यंत्रे स्वतः घ्यावीत अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. वर्षातून दोनदा वापरायचे यंत्र धूळ खात पडेल. पण राज्यात ही साधने मुळीच नाहीत असेही नाही. पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था आहे, वाहनांचे भाग बनवणाऱ्या अनेक कारखान्यांत कंपनाची टेबले आहेत. उपग्रहाची चाचणी आणि मोटारीच्या दिव्याची चाचणी यांच्या मोजमापात फरक आहे, टेबल मात्र तेच चालू शकते. निर्वात पेटी दुर्मीळ आहे आणि शासनाने पहिला खर्च तिच्यावर करावा. एक स्वच्छ खोली, स्थिर विजेपासून बचाव करणारी टेबले आणि मनगटपट्टे, एक चांगले मापन यंत्र, एक निर्वात पेटी आणि शेजारच्या उद्योगातील कंपन टेबलाशी करार, एवढ्यावर पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर येथे एकेक कक्ष उभा राहू शकतो. त्यावर त्या त्या विभागातील सर्व तंत्रनिकेतने, आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांचा सारखा हक्क असावा.

ही मागणी अवास्तव आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी इस्रोचा ‘उन्नती’ हा कार्यक्रम पाहावा. जानेवारी २०१९ मध्ये बेंगळुरू येथे सुरू झालेल्या या कार्यक्रमात परदेशांतून आलेल्या अभियंत्यांना छोट्या उपग्रहाची जुळणी आणि चाचणी प्रत्यक्ष हातांनी शिकवली गेली. पहिल्याच तुकडीत सतरा देशांचे तीस जण होते. इतर देशांना आपण ही विद्या मोकळ्या हाताने दिली, ही अभिमानाची गोष्ट आहे. तोच आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम मराठीत, आपल्या तंत्रनिकेतनांतील शिक्षकांसाठी का असू नये? वर जाण्याची वाटही आता पूर्वीएवढी बिकट राहिलेली नाही. पीएसएलव्हीचा वापरून झालेला चौथा टप्पा कक्षेतच ठेवून त्यावर प्रयोग बसवण्याची ‘पोएम’ नावाची सोय आहे. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत त्यावर चोवीस प्रयोग होते आणि त्यांपैकी दहा इस्रोबाहेरच्या संस्थांचे होते. पुणे आणि मुंबई परिसरातील विद्यापीठांनाही त्यात जागा मिळाली. पोएमवर बसणाऱ्या प्रयोगाला स्वतःच्या सौर पट्ट्या आणि दिशा धरण्याची यंत्रणा लागत नाही. पहिल्यांदा जुळणी शिकणाऱ्या संघाने स्वतंत्र उपग्रहाच्या आधी हीच पायरी घ्यावी, असे मी सुचवेन. अर्ज इन-स्पेस या, इस्रोबाहेरच्या संस्थांच्या अंतराळ उपक्रमांना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत करता येतो.

राहता राहिला वेळेचा प्रश्न आणि तो सोडवणे पूर्णपणे आपल्या राज्याच्या हाती आहे. पदविकेच्या अंतिम वर्षाचा प्रकल्प एका वर्षात संपलाच पाहिजे, त्याचा अहवाल बांधून सादर झालाच पाहिजे, अशी आजची रीत आहे. उपग्रह या चौकटीत बसत नाही, म्हणून मुले आणि शिक्षक संचाकडे वळतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने अशा प्रकल्पांना तीन वर्षांची मुदत द्यावी. पहिल्या तुकडीने सांगाडा आणि टेबलावर मांडलेले इलेक्ट्रॉनिक्स द्यावे, दुसरीने जुळणी करावी, तिसरीने चाचण्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीला तिच्या वाट्याच्या कामाचे पूर्ण गुण मिळावेत. गुण देताना परीक्षकांनी छापील अहवालाबरोबर जुळणीची वही तपासावी: कोणता स्क्रू किती टॉर्कने आवळला, कोणता कनेक्टर कितव्यांदा खोवला, कोणता टाका कोणी घातला आणि कोणी तपासला, ही सारी नोंद तारीख-सहीनिशी त्यात असावी आणि ती वही पुढच्या तुकडीकडे सोपवली जावी. येत्या शैक्षणिक वर्षापासून निदान प्रत्येक विभागातील एका तंत्रनिकेतनात हे सुरू व्हावे, अशी माझी तंत्रशिक्षण संचालनालयाला विनंती आहे आणि आपल्या दैनिकाने ती संबंधितांपर्यंत पोहोचवावी. माझ्या परिसरातील ज्या संस्थेला सोल्डरिंग आणि वायरिंग शिकवण्यासाठी अनुभवी हात हवे असतील, तिथे विनामोबदला येण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तंत्रशिक्षक, सांगली